कोणत्या तोंडाने मागू? (बायबलमधलं इब्री ४:१६ वाचते आणि तिथेच अडते)

उंबरठ्यावर_मी | शुक्रवार, रात्री ११:५२

सर्वांना प्रभूच्या नावाने नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

माझ्या मिस्टरांचं हार्टचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. घरातले, मंडळीतले सगळे म्हणतात प्रार्थना कर, मी हो हो म्हणते, पण खरं सांगते, गेल्या ११ महिन्यांत मी स्वतःहून एकदाही प्रार्थना केलेली नाहीये. प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये माझी पाळी आली की सांगते घसा बसलाय. दुसऱ्यांना मेसेज टाकते की ह्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि स्वतः गप्प बसते.

कारण असं की माझी आई दीड वर्ष अंथरुणावर होती आणि मीच तिचं सगळं करत होते. शेवटी शेवटी तिला रात्रीतून पाच-सहा वेळा उठवून बसवावं लागायचं. एका रात्री तिने चौथ्यांदा हाक मारली, मी उठले, दिवा लावला आणि तिच्या तोंडावर एक वाक्य बोलले. ते वाक्य मला इथे लिहवत नाहीये. ती काही बोलली नाही, चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ९ दिवसांनी ती गेली. त्या ९ दिवसांत आम्ही औषध, पाणी, उशी एवढंच बोललो. रोज वाटायचं उद्या माफी मागू.

आता नवऱ्यासाठी मागायची वेळ आलीय तर जीभच उचलत नाही. कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जा असं वचन आहे, माहितीये, पाठ आहे. पण धैर्य आणायचं कुठून? ज्या तोंडाने आईला तसं बोलले त्याच तोंडाने देवाकडे नवऱ्याचा जीव मागू?

मोहरीचा_दाणा | शनिवार, सकाळी ६:१०

ताई, वाचून डोळे भरून आले. आपण पाप कबूल केलं तर तो क्षमा करायला विश्वासू आहे, १ योहान १:९. तुम्ही दीड वर्ष सेवा केलीत ते पण देवाने बघितलंय ना. एका रात्रीवरून स्वतःला तोलू नका. तुमच्या मिस्टरांसाठी आत्ताच प्रार्थना केली.

उंबरठ्यावर_मी | शनिवार, सकाळी ६:४५

थँक्यू हो. पण ते वचन मला डोक्यात कळतं, आत उतरत नाही. आणि दीड वर्षाची सेवा मोजायला लागले की अजूनच वाईट वाटतं, कारण मग मी हिशोबच मांडतेय असं होतं, एवढं केलं त्यातून एवढं वजा.

जुना_बाक | शनिवार, सकाळी ९:३०

ताई, मी वयाने मोठा आहे म्हणून थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. तुम्हाला जो संकोच वाटतोय तो वाईट नाही. मला उलट भीती वाटते ती हल्ली जे जोरजोरात सांगतात ना, हक्क सांगा, क्लेम करा, देवाला दिलेल्या शब्दाची आठवण करून द्या, त्याची. ज्या पत्रात धैर्याने या असं लिहिलंय त्याच पत्रात १२:२८-२९ ला आदराने आणि भयाने सेवा करा, आपला देव भस्म करणारा अग्नी आहे, हेही लिहिलंय. नादाब आणि अबीहू हे तर पहिला महायाजक अहरोन, त्याचे सख्खे मुलगे, स्वतः याजक, तेही देवाने न सांगितलेला परका अग्नी घेऊन गेले तर वाचले नाहीत (लेवीय १०). महायाजकसुद्धा अगदी आतल्या परमपवित्र जागेत वर्षातून एकदाच जायचा, आणि त्याच्या पायाला दोरी बांधत असत, आत मेला तर ओढून काढायला. इतकी ती जागा पवित्र. तेव्हा जपून.

शब्दांमागे | शनिवार, सकाळी ११:१५

काका, आदराबद्दल जे म्हणालात ते शंभर टक्के मान्य. फक्त एक दुरुस्ती, ती दोरीची गोष्ट शास्त्रात कुठेही नाहीये. लेवीय १६ मध्ये वर्षातून एकदा जाणं आहे, आधी स्वतःसाठी गोऱ्ह्याचं रक्त, मग लोकांसाठी बकऱ्याचं, आणि धुपाचा धूर दयासनावर, म्हणजे आतल्या पवित्र पेटीच्या झाकणावर, पसरायला हवा नाहीतर तो मरेल, हे सगळं आहे. दोरी नाही. ती खूप नंतर कुठूनतरी प्रवचनांत आली आणि चिकटली.

मला ताईंच्या 'धैर्य आणू कुठून' ह्या प्रश्नावर बोलायचंय. मराठीत धैर्य म्हटलं की आपल्याला वाटतं छाती काढून जाणं, मनात भीती नसणं, आणि मग माणूस आत शोधायला लागतो की माझ्यात आहे का ते, आणि नसतंच. पण मूळ ग्रीकमध्ये तिथे शब्द आहे पार्रेसिया. त्याची फोड केली तर 'सगळं' आणि 'बोलणं'. अथेन्समध्ये नागरिकाला सभेत उभं राहून मनातलं उघड बोलायचा जो अधिकार होता त्याला हा शब्द वापरत, गुलामाला तो नव्हता. म्हणजे धैर्याने जवळ या याचा अर्थ न घाबरता या असा नसून काही न लपवता बोलायला या असा घ्यायला हरकत नाही. ह्या पत्रात हा शब्द चारदा येतो, ३:६, ४:१६, १०:१९ आणि १०:३५. आणि १०:१९ ला तर हे बोलण्याचं मोकळेपण आपल्याला येशूच्या रक्ताने मिळालंय असं सरळ लिहिलंय, आपल्या स्वभावाने नाही.

ताई, तुम्ही काल रात्री इथे जे लिहिलंत ना, त्यात एक वाक्य सोडून सगळं होतं. जे सोडलंत तेच तुमच्या घशात अडकलंय असं मला वाटतं.

जुना_बाक | शनिवार, दुपारी १२:०५

दोरीचं मी लहानपणापासून ऐकत आलो, शास्त्रात शोधून पाहिलं नव्हतं कधी. आत्ता लेवीय १६ पुन्हा वाचला, खरंच नाही. धन्यवाद, आता कुणाला सांगणार नाही.

पण मग मला सांगा, येशूच्या दाखल्यातला जकातदार मंदिरात दूर उभा होता (लूक १८). वर बघायची हिंमत नव्हती त्याची, छाती बडवत होता. आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला. तो कुठे जवळ गेला?

शब्दांमागे | शनिवार, दुपारी १२:४०

दूर उभा राहिला, पण मंदिरातच उभा राहिला ना काका. घरी बसून दुसऱ्याला नाही सांगितलं की माझ्या वतीने छाती बडव. आणि जे बोलला ते देवालाच बोलला, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर', त्यात स्वतःबद्दल एक शब्द खोटा नाही. त्याच दाखल्यातल्या परूश्याची, म्हणजे नियम कडक पाळणाऱ्याची, प्रार्थना बघा, ती लांब आहे, पण त्यात त्याने स्वतःबद्दल खरं असं काय सांगितलं? उपास आणि दशांश.

दोन_लेकरांची_आई | शनिवार, दुपारी ३:२०

मला ग्रीक वगैरे येत नाही, मी घरातलं सांगते.

माझी धाकटी ७ वर्षांची असताना एकदा दिवसभर खोटं बोलली, पकडली गेली, मी ओरडले, ती रुसून न बोलताच झोपली. रात्री कधीतरी मला जाग आली, का आली कळेना, तर दारात कुणीतरी श्वास घेतंय. ती उभी होती, एक हात कानावर, दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरलेली. कान ठणकत होता तिचा. पाय गार पडले होते, म्हणजे किती वेळ उभी होती देव जाणे. मी म्हटलं अगं हाक का नाही मारलीस, तर म्हणते तू रागावलीयेस ना माझ्यावर.

ताई मला त्या वेळी तिच्या खोट्याचं काही वाटलं नाही, एवढंच वाटलं की हिने अंधारात उभं राहून कान दुखवत ठेवला, आणि मी सहा पावलांवर होते. तिने हाक मारायला आधी सॉरी म्हणायला हवं होतं असं मला अजिबात वाटलं नाही. सॉरी सकाळी झालं, तेही झालंच, सोडलं नाही मी. पण कान आधी.

आपण हक्काने मागणं म्हणतो ना, ते लायकी बघून थोडंच असतं, आईकडे लेकरू हक्काने मागतं कारण ती आई आहे. काका जे उद्धटपणाचं म्हणतात ते मला पटतं, पण उद्धटपणा वेगळा आणि सलगी वेगळी. सलगी आपण आपल्याच माणसाशी करतो.

उंबरठ्यावर_मी | शनिवार, रात्री १०:३०

ताई तुमची पोस्ट वाचून मी उठून किचनमध्ये जाऊन रडले, ह्यांना कळू नये म्हणून.

पण माझी एक गोष्ट सुटत नाही. तुमच्या मुलीने तुमच्याशी खोटं बोललं आणि तुमच्याकडेच आली. माझं तसं नाहीये. जिच्याशी मी वाईट वागले ती आता नाही. देवाने क्षमा केली म्हणून काय, क्षमा आईने करायची होती. ते दार बंद झालं. मग देवाकडून क्षमा घेणं म्हणजे मला पळवाट वाटते, तिला वगळून परस्पर मिटवल्यासारखं.

कोरी_पाटी | शनिवार, रात्री ११:४५

मी इथे फार लिहीत नाही. पण हा प्रश्न माझाही होता, वेगळ्या माणसाबाबत, म्हणून लिहितोय.

स्तोत्र ५१ दावीद राजाने लिहिलं तेव्हा त्याचा सैनिक उरीया जिवंत नव्हता. हे मी कितीतरी वर्षं ते स्तोत्र म्हणत होतो पण माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दाविदाने त्याची बायको घेतली, मग पत्र लिहून त्याला लढाईत सगळ्यात पुढे उभं करायला सांगितलं, आणि ते पत्र उरीयाच्याच हातात देऊन पाठवलं (२ शमुवेल ११). नाथान संदेष्टा दाविदाला जाब विचारायला आला तेव्हा उरीया गेलेला होता. माफी मागायला माणूसच नव्हता. आणि तिथे दावीद म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलंय. मला आधी ह्या ओळीचा राग यायचा, वाटायचं हा माणूस उरीयाला विसरला की काय. आता मला ती वेगळी ऐकू येते. ज्याच्यासमोर बोलायला हवं होतं तो गेला होता, एकच उरला होता ज्याने ती रात्र पण बघितली होती आणि ते पत्र पण. त्याच्याकडे जाणं ही पळवाट नव्हती, तोच एकटा साक्षीदार उरला होता.

आणि दाविदाचं सगळं गोड झालं असंही नाही. लेकरू गेलं, घर फाटलं. पण त्याने आता माझा तोंड उघडायचा हक्क गेला असं म्हटलं नाही. उलट, प्रभू माझे ओठ उघड, असं त्याच स्तोत्रात मागतो (५१:१५). म्हणजे त्याचीही जीभ उचलत नव्हती बहुतेक.

आईची क्षमा कशी मिळेल ते मला सांगता येत नाही ताई. मलाही माझी मिळालेली नाही. पण मी त्या माणसाबद्दल आता रोज देवाशी बोलतो, नाव घेऊन.

मोहरीचा_दाणा | रविवार, दुपारी १:१०

आज मंडळीतून आल्यावर हा धागा पुन्हा सगळा वाचला. मी आधी पटकन एक वचन टाकून मोकळी झाले त्याचं वाईट वाटतंय. ताई सॉरी.

आज मनात सारखी ती १२ वर्षं रक्तस्राव असलेली बाई येत होती, मार्क ५. लेवीय १५ प्रमाणे ती अशुद्ध, ती ज्याला शिवेल तो अशुद्ध, आणि ती भरगर्दीत घुसते म्हणजे किती जणांना शिवली असेल. समोरून यायची तिला सोय नव्हती म्हणून मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवली. मला नेहमी वाटायचं की येशूने तिला सगळ्यांसमोर का उभं केलं, बरी झाली होती, गुपचूप जाऊ द्यायची होती ना. आज वाचताना दिसलं की ती थरथर कापत येऊन पाया पडली आणि तिने 'सगळं खरं' सांगितलं. शब्दांमागे दादा, हे तुमच्या त्या सगळं बोलण्यासारखंच नाही का? आणि तेव्हा तो तिला 'मुली' म्हणतो. बरी तर ती आधीच झाली होती, पण मागून निघून गेली असती तर तो शब्द तिला ऐकू आला नसता.

भीती तर होतीच तिला. थरथरत होती असं लिहिलंय.

शब्दांमागे | रविवार, दुपारी २:००

ग्रीक शब्द तिथे वेगळे आहेत, पण गोष्ट तीच आहे, हो. हे मला सुचलं नव्हतं.

आणखी एक सांगतो. मत्तयात येशू दोघांच्या विश्वासाचं मोठं कौतुक करतो, कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे रोमी सैन्यातला अधिकारी (८:१०), आणि सोर-सिदोनकडची कनानी बाई (१५:२८). दोघंही यहुदी नाहीत. आणि दोघांनीही आपली लायकी नाही हे स्वतःच मान्य केलंय. लूकमध्ये तर गंमतच आहे, यहुद्यांचे वडील येऊन सांगतात की ह्याच्यासाठी करा, तो योग्य आहे, त्याने आमचं सभास्थान बांधून दिलंय (७:४-५). आणि तो स्वतः मित्रांकडून निरोप पाठवतो की मी योग्य नाही, नुसता शब्द बोला. लोकांनी दिलेलं सर्टिफिकेट त्याने वापरलंच नाही. ती बाई पण, लेकरांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही असं येशूने म्हटल्यावर भांडली नाही, म्हणाली खरंच प्रभू, पण चुरा तर मिळतो ना. आणि बघा, दोघंही स्वतःसाठी आलेच नव्हते, तो चाकरासाठी, ती मुलीसाठी.

तुम्ही नवऱ्यासाठी, ताई.

जुना_बाक | रविवार, सायंकाळी ७:३५

मी काल जपून असं लिहिलं. ते मागे घेत नाही, पण ते ताईंना सांगायची गरज नव्हती, त्या आधीच नको इतक्या जपून आहेत. दुखऱ्या जागी बोट ठेवलं मी, माफ करा.

मला येशूचा शिष्य पेत्र याच्याबद्दल बोलायचंय. लूक ५ मध्ये रात्रभर काही न मिळता येशूच्या शब्दावर जाळं भरून मासे सापडल्यावर तो येशूच्या पाया पडून म्हणतो माझ्यापासून जा, मी पापी माणूस आहे. तोवर त्याने काय केलं होतं तसं? काही मोठं लिहिलेलं नाही. पुढे त्याने खरंच केलं, येशूला धरून नेलं त्या रात्री कोळशांच्या विस्तवाजवळ उभं राहून तीनदा म्हणाला मी त्याला ओळखत नाही. आणि मग योहान २१, येशू मेलेल्यांतून उठल्यावर, पुन्हा तेच सरोवर, पुन्हा रात्रभर काही नाही, पुन्हा जाळं भरलं. आता तर त्याने दुप्पट मोठ्याने म्हणायला हवं होतं की माझ्यापासून जा. पण तो अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी टाकतो. किनारा सुमारे २०० हातांवर होता, होडी काय, येणारच होती मागून. त्याला तेवढंही थांबवलं नाही. आणि किनाऱ्यावर काय होतं, तर पुन्हा कोळशांचा विस्तव. योहानाने तोच शब्द लिहिलाय दोन्हीकडे. येशूने ती रात्र झाकून ठेवली नाही, तीनदा विचारलं, पेत्राला वाईट वाटलं असंही लिहिलंय. पण त्याला दूर ठेवून नाही विचारलं, आधी या, जेवा म्हणाला.

मी ६८ वर्षांचा आहे आणि मला वाटतं मी अजून होडीतच बसून आहे, आदर आदर म्हणत. ताई, तुमच्यामुळे हे मला आज दिसलं.

दोन_लेकरांची_आई | रविवार, रात्री ९:००

काका 🙏

ताई कुठे आहात, दिवसभर दिसला नाहीत. बरं आहे ना सगळं?

उंबरठ्यावर_मी | मंगळवार, पहाटे ५:२०

आहे. दोन दिवस टेस्टसाठी धावपळ होती, वाचत होते पण लिहायला जमलं नाही. एकेक पोस्ट कितीदा वाचली सांगता येणार नाही, दादांची उरीयावाली तर ह्यांना पण वाचून दाखवली, त्यासाठी मला आधी ह्यांना आईचं ते सगळं सांगावं लागलं, ११ महिन्यांत त्यांनाही सांगितलं नव्हतं. ते काही बोलले नाहीत, माझा हात धरून बसले.

काल रात्री ते झोपल्यावर मी आईच्या खोलीत गेले. दिवा लावला, त्या रात्री लावला होता तसाच. मी तिथे धैर्य यायची वाट बघत बसले पण काही आलं नाही, हात गार पडले होते आणि पोटात ढवळत होतं. मग मला थरथरणारी बाई आठवली आणि म्हटलं ठीक आहे, असंच. 'हे देवा' म्हणाले आणि ते वाक्य मोठ्याने बोलले. जसंच्या तसं, ज्या सुरात आईला बोलले होते त्याच सुरात, कारण सूर बदलला असता तर ते खरं झालं नसतं. बोलल्यावर आधी वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग मी म्हटलं, हे मी माझ्या आईला बोलले, तू तिथे होतास, तिने भिंतीकडे तोंड केलेलं तू बघितलंस. आणि मग बरंच काय काय बोलले, ते ९ दिवस, एकेक दिवस, कोणत्या दिवशी काय बोलायचं राहिलं ते. तिचं नाव घेऊन. कधी थांबले आठवत नाही.

हलकं वगैरे वाटलं असं नाही म्हणणार, डोकं जड झालंय आणि आवाज खरंच बसलाय आता. पण शेवटी ह्यांच्यासाठी मागितलं. फार लांब नाही, ह्यांना वाचव, मला अजून ते हवे आहेत, एवढंच. येशूच्या नावाने म्हटलं आणि त्या शब्दांना पहिल्यांदा अर्थ आहे असं वाटलं, कारण माझ्या नावाने मागायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी ८ ला आहे, चार-पाच तास लागतील म्हणाले. मी बाहेर बसून मागत असेन. तुम्ही पण सोबत मागा.

कोरी_पाटी | मंगळवार, सकाळी ५:३२

८ वाजता. लिहून ठेवलंय.

जुना_बाक | मंगळवार, सकाळी ६:०५

मीही बसतो ८ ला. तुमच्या आईचं नाव कळवाल का ताई, इथे नको, मेसेजमध्ये. तिचंही घेईन.